चौथ्या गाण्यातली खंजिरी

चिंदरकरांच्या तोंडून ‘छान’ हा शब्द मी बारा वर्षांत एकदाही ऐकला नाही. माझ्या लेकीच्या लग्नाआधी केळवणाला त्यांना बोलावलं होतं, तेव्हा सगळी पंगत माझ्या बेसनाच्या लाडवांची वाहवा करत होती आणि हे गृहस्थ लाडू फोडून आतला रंग बघत होते. मग म्हणाले, ‘बेसन दोन मिनिटं आधी उतरवलंत, वहिनी.’ मला राग आला. राग आला कारण ते खरं होतं. त्या दिवशी सिलिंडर संपत आला होता आणि मी घाई केली होती.

चिंदरकर आमच्याच मजल्यावर राहायचे, नाहूरच्या सोसायटीत, समोरच्या दारात. आयुष्यभर वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे काटे तपासायचे, पेट्रोल पंपावरची मापं तपासायची, बरोबर असेल तर शिक्का मारायचा, नसेल तर काटा जप्त करायचा. निवृत्त होऊनही त्यांची नजर निवृत्त झाली नव्हती. मुलुंडच्या बाजारात ते मासळीवालीसमोर नुसते उभे राहिले तरी ती आपण होऊन आणखी चार कोलंब्या टाकायची. मी एकदा हसत म्हटलं, ‘चिंदरकर, तुमच्याबरोबर बाजारात आलं की फायदा होतो.’ ते हसले नाहीत. म्हणाले, ‘म्हणजे मी नसताना तुमचं नुकसान होतं. त्याचं काय करायचं ते बोला.’

असा माणूस रॉक संगीताचा वेडा असेल, असं कुणाला वाटणार नाही. मलाही वाटलं नव्हतं. ठेंगणी, रुंद मनगटांची मूर्ती, इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन. पण त्यांच्या घरात भिंतभर रेकॉर्डी होत्या. सगळ्या सत्तरच्या दशकातल्या, इंग्लंड-अमेरिकेतल्या केसाळ पोरांच्या. पूर्वी लालबागच्या चाळीत ते भजनात खंजिरी वाजवायचे. कॉलेजात गेल्यावर तेच हात ड्रमवर गेले आणि चौघा मित्रांनी बँड काढला. बँड दोन वर्षं चालला. गाणारा आखातात गेला, गिटारवाला सासऱ्याच्या धंद्यात बसला आणि चिंदरकर सरकारी परीक्षा पास झाले. ही सगळी हकीकत ते तीन वाक्यांत सांगत आणि चौथं विचारलं तर उठून पाणी प्यायला जात.

दर रविवारी सकाळी दहा वाजता सोसायटीच्या ऑफिसात ‘तपासणी’ असायची. हे नाव त्यांचंच. ते घरून रेकॉर्ड प्लेअर आणायचे, सतरंजी घातलेल्या टेबलावर ठेवायचे आणि एक अख्खी रेकॉर्ड लावायचे. पहिली बाजू संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. मग चहा. मग दुसरी बाजू. ती संपली की प्रत्येकाने एकच वाक्य बोलायचं, आणि तेही काय वाटलं याचं नाही, काय ऐकलं याचं. ते वाक्य वहीत नोंदलं जायचं. आवडलं, नावडलं, हे घरी जाऊन बोलायचं. माझे यजमान पहिल्यापासून जात. मी नाट्यसंगीतावर वाढलेली, माझ्या कानाला ही सगळी आदळआपट. एकदा चहाची किटली पोचवायला गेले आणि दुसऱ्या बाजूपर्यंत बसले. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, ‘भारी होतं.’ चिंदरकरांनी पेन उचललंच नाही. ‘भारी म्हणजे किती?’ ते म्हणाले. मी विचार करून म्हटलं, ‘शेवटच्या गाण्यात गाणारा दमला होता, आणि दमलेला आवाज लपवला नाही.’ ते त्यांनी लिहून घेतलं. त्या दिवसापासून मी दर रविवारी जायला लागले. एवढं नीट माझं कुणी कधी ऐकून घेतलं नव्हतं, घरात तर नाहीच.

या स्वभावाचा त्रासही व्हायचा. एका गणपतीत त्यांना गायन स्पर्धेचे परीक्षक केलं होतं. चेअरमनची सून गायला बसली. आवाज गोड, साडी सुंदर, टाळ्या जोरदार. चिंदरकरांनी तिला दुसरा नंबर दिला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘दुसऱ्या कडव्यात सूर उतरला, तो पुन्हा चढला नाही.’ चेअरमन पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. लिफ्टमध्ये भेटले की मोबाइल बघायचे. मी चिंदरकरांना म्हटलं, एखादा मार्क इकडेतिकडे केला असता तर काय बिघडलं असतं? त्यावर ते मला शिकवणीला बसवल्यासारखे शांतपणे म्हणाले, की शिक्का ज्याच्या हातात असतो त्याने एकदा हात सैल सोडला की आधी मारलेले सगळे शिक्के खोटे होतात. मी मनात म्हटलं, सोसायटीच्या गणपतीत हे जरा जास्तच होतंय.

त्यांचे वडील मिलमध्ये सांचाखात्यात, म्हणजे विणकामाला होते. शेकडो मागांच्या खडखडाटात उभं आयुष्य काढून त्यांचे कान पंचेचाळिशीतच गेले. मागांवर काम करणारी माणसं एकमेकांशी ओठांच्या हालचालीवरून बोलायची, तीच रीत घरात आली. चिंदरकरांच्या लहानपणी घरातलं कुणीही वडिलांशी बोलताना समोर येऊन, तोंड दिसेल असं उभं राहून बोलायचं. हे त्यांनी मला एकदाच, चहा गाळता गाळता सांगितलं होतं. मीही ते ऐकून सोडून दिलं. चिंदरकर स्वतः कुणाशीही बोलताना थेट तोंडाकडे बघत, ते मला केवळ त्यांचं सौजन्य वाटायचं.

आता रुचाबद्दल. बी विंगमधली रुचा राणे, वय सत्तावीस, दिवसा कुठल्याशा जाहिरात कंपनीत नोकरी, उरलेला वेळ ड्रम. ‘चेक नाका’ नावाच्या बँडमध्ये ती वाजवायची. त्यातले दोघं दहिसर चेक नाक्याजवळचे, म्हणून ते नाव. अर्धी गाणी मराठी, अर्धी इंग्रजी. त्यांचा पहिला अल्बम कॉम्प्युटरवर जुळवून केलेला होता आणि तो कुणाच्या लक्षातही आला नाही. दुसऱ्याच्या वेळी त्यांनी ठरवलं, सगळं जुन्या पद्धतीने करायचं. मढला एक बंगला चार दिवस भाड्याने घेतला, सगळे एका खोलीत एकत्र बसले, टेपवर रेकॉर्डिंग केलं, आणि मोजक्या प्रती खऱ्याखुऱ्या एलपीवर काढल्या. कव्हरचा रंगसुद्धा पिवळट, जुना दिसेल असा.

आणि या वेळी गवगवा झाला. कुठल्याशा वेबसाइटवर ‘क्लासिक रॉक मुंबईच्या उपनगरात पुन्हा जिवंत’ असा लेख आला. प्रती आठवडाभरात संपल्या, दुसरी आवृत्ती काढायचं ठरलं. रुचा चिंदरकरांकडे आली आणि म्हणाली, ‘काका, नव्या कव्हरवर मागच्या बाजूला चार ओळी तुमच्या पाहिजेत. नेटवरचे लोक काहीपण लिहितात यार. तुम्ही लिहिलंत तर ते खरं असेल.’

चिंदरकर म्हणाले, रविवारी तपासणीला लावू. मग बघू.

त्या रविवारी ऑफिसात खुर्च्या कमी पडल्या नाहीत, पण सगळे लवकर आले होते. आमच्यातले डॉक्टर सामंत, दातांचे डॉक्टर, आधीच अल्बम ऐकून आले होते आणि त्यांचं मत तयार होतं. ते म्हणाले, ‘कवळी आहे. दिसायला दातांपेक्षा सुंदर, पण हिरडीत मूळ नाही.’ रुचा समोरच बसली होती. तिचा चेहरा उतरला. चिंदरकरांनी सामंतांना हाताने थांबवलं आणि म्हणाले, ‘आधी ऐकायचं, डॉक्टर.’

रेकॉर्ड लागली. मला एवढंच कळलं की या पोरांनी खरंच जीव ओतलाय. गिटार खरखरत होती, गाणारा मध्येच श्वास घेत होता ते ऐकू येत होतं. चौथं गाणं संथ होतं. माझे यजमान हळूच म्हणाले की हे गाणं चिंदरकरांच्या एका लाडक्या जुन्या गाण्याच्या चालीवर बेतलंय. चिंदरकर डोळे मिटून बसले होते आणि त्यांची बोटं गुडघ्यावर चालत होती. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा चेहरा मऊ झाला होता.

दुसरी बाजू संपली. वाक्यं झाली. सामंत आपल्या कवळीवर ठाम राहिले. शेवटी चिंदरकरांची पाळी आली. त्यांनी स्वतःच लिहीत लिहीत वाचून दाखवलं. ‘चौथ्या गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर खंजिरी येते आणि तिथे गाणं उभं राहतं. अशी खंजिरी मी पन्नास वर्षांपूर्वी ऐकली होती. आज पुन्हा ऐकली.’

मला वाटलं, सगळे भारावलेत. मग मी सामंतांकडे पाहिलं, ते माझ्याकडे बघत होते. रुचा जमिनीकडे बघत होती. चिंदरकरांनी तोच मजकूर आणखी दोन ओळी वाढवून एका कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिला, खाली नाव घातलं आणि रुचाच्या हातात दिला.

जिन्यात मी तिला गाठलं. ‘खंजिरी कुठे होती गं? मला ऐकू नाही आली.’

‘नाहीये, काकू,’ ती म्हणाली. ‘आमच्याकडे कुणाकडे ती नाहीच. त्या जुन्या गाण्यात आहे.’

डॉक्टर सामंत मागून उतरत होते. ते म्हणाले, ‘ते तुमची रेकॉर्ड ऐकत नव्हते. त्यांच्या डोक्यातली ऐकत होते.’ बोलताना त्यांचा नेहमीचा खवचटपणा नव्हता.

संध्याकाळी मी चिंदरकरांच्या घरी गेले. ते फिरायला गेले होते, हे बघूनच गेले. त्यांच्या बायकोला, सुलभाताईंना, मी काही विचारायच्या आधीच मी का आले ते कळलं. त्या मूळच्या मालवणकडच्या, मनातलं बोलायचं असलं की गावच्या बोलीवर येत. ओट्याला टेकून म्हणाल्या, ‘तेंका ऐकाक येणा नाय गो. दोन वर्सां झाली. माका सांगान ठेवल्यानी हा, खंय बोला नको.’

मग त्यांनी सगळं सांगितलं. जाड आवाज यायचे, बारीक गेले होते. कुकरची शिट्टी गेली, दाराची बेल गेली, नातीचा फोनवरचा आवाज गेला. कानाच्या डॉक्टरांनी यंत्र दिलं होतं, ते कपाटात पडून होतं. माणसांशी बोलताना ते ओठ वाचत, आणि ती विद्या त्यांना लहानपणापासूनच येत होती. जुन्या रेकॉर्डी तर त्यांना पाठच होत्या. सुई कुठे आहे ते पाहायचं, ड्रमचा ठोका जमिनीतून यायचा, बाकीचं मन भरून काढायचं. दोन वर्षं आम्ही शंभरएक रेकॉर्डी ऐकल्या असतील आणि त्यांचं एकही वाक्य चुकलं नव्हतं. नवी रेकॉर्ड त्यांच्यासमोर पहिल्यांदाच आली होती.

आता प्रश्न होता तो त्या कागदाचा. कव्हर शुक्रवारी छापायला जाणार होतं. सामंत म्हणाले, त्यांना सरळ सांगा. मी म्हटलं, तुम्ही सांगा बघू. त्यांनी विषय बदलला. बुधवारी रुचा माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘काकू, एक आयडिया आहे. नवीन आवृत्तीत आम्ही खंजिरी टाकतो. एका दुपारचं काम आहे. मग काकांचं वाक्य खरं होईल, विषय संपला.’

ही सूचना तिची होती, पण जोर माझा होता. हे मला लपवायचं नाही. तिला स्वतःला खात्री वाटत नव्हती, गाणं बदलेल अशी भीती होती. मीच म्हटलं, घाल गं, एका खंजिरीने काय होतंय? म्हातारा माणूस आहे, उरलेले दिवस आपल्या शब्दावर विश्वास ठेवून जगू दे. मला त्या वेळी मी फार मोठ्या मनाची बाई वाटले होते.

खंजिरी नेमकी कुठे घालायची ते रुचाला ठरवता येईना. जुन्या गाण्यात ती एका ठिकाणी होती, पण यांच्या गाण्याची कडवी वेगळी होती. चिंदरकरांना ती कुठे ऐकू आली हे त्यांनाच विचारणं भाग होतं. गुरुवारी आम्ही दोघी गेलो. मी मुद्दाम गेले, बोलण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्यावं म्हणून.

रुचाने फार सहज विचारायचा प्रयत्न केला. ‘काका, ती खंजिरी तुम्हाला नक्की कुठल्या ओळीवर आवडली?’

चिंदरकर म्हणाले, ‘वाजवलीत तुम्ही लोकांनी. मला काय विचारतेस?’

रुचा अडखळली. काहीतरी म्हणाली, की आम्ही बऱ्याच वेळा वाजवलं, शेवटी कुठलं ठेवलं ते आठवत नाही. ती खोटं बोलत होती आणि तिला खोटं बोलता येत नव्हतं. ज्या माणसाने छत्तीस वर्षं दुकानदारांचे चेहरे वाचले, त्याच्यासमोर आम्ही दोघी उभ्या होतो. ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले, मग माझ्या. स्वयंपाकघरात सुलभाताईंच्या हातातलं भांडं थांबलं.

‘खंजिरी नाहीच ना त्यात,’ चिंदरकर म्हणाले.

रुचाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मलाच बोलावं लागलं. मी सगळं सांगितलं, नव्या आवृत्तीत ती घालणार आहोत हेही सांगितलं. जणू त्यामुळे त्यांना बरं वाटणार होतं.

ते म्हणाले, ‘म्हणजे माझा शिक्का खरा ठरावा म्हणून तुम्ही वजन बदलणार.’

मी त्यांच्यावर दया दाखवायला गेले होते आणि त्यांनी आयुष्यभर जे कुणाला करू दिलं नाही, नेमकं तेच मी त्यांच्या घरात येऊन करत होते.

‘पण एक सांगतो, वहिनी,’ ते म्हणाले. ‘मी खोटं नाही लिहिलं. मला ती खरंच ऐकू आली. आत्ता तुमचा आवाज येतोय, त्याच्यापेक्षा स्पष्ट.’

रुचाने कागद त्यांच्यापुढे धरला. सरकारी कागदात चूक झाली तर खाडाखोड करत नाहीत. त्यांनी पेन काढलं, चारही ओळींवर एकेक आडवी रेघ मारली, बाजूला सही केली, तारीख घातली आणि कागद तिला परत दिला. रविवारी वहीतल्या वाक्यावरही तशीच रेघ मारली. मग आम्हा सगळ्यांना सांगितलं, की गेली दोन वर्षं मला नीट ऐकू येत नाही, मी ज्या रेकॉर्डींबद्दल बोललो त्या मला पाठ होत्या, तेव्हा माझी ती सगळी वाक्यं वजन न टाकताच मारलेले शिक्के समजावेत. एवढं सांगून ते खाली बसले. सामंत उठून त्यांच्याजवळ गेले आणि पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

रुचा मात्र हट्टी पोरगी. सगळे पांगल्यावर तिने त्यांच्यासमोर, तोंड दिसेल अशी उभी राहून विचारलं, ‘काका, खंजिरी जाऊ दे. आमचं जमलंय की नाही, तेवढं सांगा. डॉक्टर म्हणतात कवळी, नेटवाले म्हणतात पुनर्जन्म. मला तुमच्याकडून कळायला पाहिजे.’

चिंदरकर म्हणाले, ‘मला विचारू नको. तुमचं सुरू झालं की माझ्या डोक्यात जुनं वाजायला लागतं. सामंतांचंही तेच होतं. ते जुनं ऐकतात आणि तुम्हाला नावं ठेवतात, मी जुनं ऐकतो आणि शाबासकी देतो. तुमचं आम्ही कुणी ऐकलेलंच नाही. ज्यांनी जुनं कधी ऐकलं नाही, त्यांना विचार.’

‘त्यांना काय कळतं, काका. ते नुसते रील काढायला येतात.’

यावर त्यांनी थोडा विचार केला. ‘मग मी येऊन बघतो,’ ते म्हणाले.

दुसरी आवृत्ती आली. गाण्यात काही बदललं नव्हतं. कव्हरवर मागे चार ओळींची जागा रुचाने कोरीच ठेवली होती. छापणाऱ्याने फोन करून विचारलं म्हणे, इथे काही राहिलंय का. चिंदरकर दर रविवारी येत राहिले, पण रेकॉर्ड लावायचं काम त्यांनी माझ्या यजमानांकडे दिलं, आणि त्यांची पाळी आली की नुसतं ‘पुढे’ म्हणायचे. त्यांना त्यात लाज वाटत असावी असं दिसलं नाही. उलट इतक्या दिवसांनी खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखे ते बसायचे.

त्या हिवाळ्यात ते गेले, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्याच्या महिनाभर आधी अंधेरीला ‘चेक नाका’चा कार्यक्रम झाला होता. मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते तिथे, कारण पुढच्याच आठवड्यात मी लेकीकडे गेले आणि परत आले ती त्यांच्या तेराव्यालाच.

कार्यक्रम अंधेरी पूर्वेच्या एका औद्योगिक वसाहतीत, जुन्या गाळ्यात होता. संध्याकाळी साडेसहा. आम्ही नाहूरहून टॅक्सीने गेलो, मी, यजमान आणि चिंदरकर. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि पहिल्यांदाच कानात यंत्र होतं. आत सगळी पंचविशी-तिशीतली मंडळी, ऑफिसातून थेट आलेली. खुर्च्या नव्हत्या. आमच्या वयाचे आम्ही तिघंच. एका मुलीने चिंदरकरांना विचारलं, अंकल, कुणाला शोधताय का?

वाजायला लागलं आणि यंत्र कर्कश शिट्टी मारायला लागलं. चिंदरकरांनी ते काढून खिशात ठेवलं. पहिली दोन गाणी ते स्टेजकडे तोंड करून, पाय जमिनीवर घट्ट रोवून उभे होते. तिसरं गाणं सुरू झालं आणि त्यांनी सरळ स्टेजकडे पाठ केली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांची बाही ओढली. त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला. अख्ख्या गाळ्यात सगळे चेहरे स्टेजकडे होते आणि हा एकच माणूस उलटा उभा होता, हात मागे बांधून, एकेका चेहऱ्याकडे बघत. कुणी हसलं, कुणी कोपराने शेजाऱ्याला दाखवलं. ते हलले नाहीत. ड्रमवर बसलेल्या रुचाला ती पाठ दिसत होती. तिने ओठ घट्ट मिटले आणि ती आणखी त्वेषाने वाजवायला लागली. तासभर ते तसेच उभे होते.

संपल्यावर ती घामाने निथळत थेट आमच्याकडे आली. टॉवेल गळ्यात, डोळे लाल. त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘पाठ का केलीत, काका? एवढं वाईट होतं?’

चिंदरकरांनी तिचे ओठ वाचले. मग मागे वळून बोट दाखवलं. ‘ती निळ्या कुर्त्यातली, पाठीला लॅपटॉपची बॅग. मी वळलो तेव्हा फोन वर धरून शूटिंग करत होती. पाचव्या गाण्याला तिने फोन खाली घेतला. मग बॅगेत टाकला. परत काढला नाही.’

रुचाने तिकडे पाहिलं. ती बाई अजून तिथेच होती. बाकीचे दाराकडे निघाले होते आणि ती रिकाम्या स्टेजकडे तोंड करून उभी होती.

‘अशी अकरा माणसं,’ चिंदरकर म्हणाले. ‘दोनदा मोजली.’

रुचाने टॉवेलने तोंड पुसलं, पुसतच राहिली. तिला अकरा माणसं पुरेशी वाटली की कमी, मला सांगता येणार नाही.

‘आमचा बँड होता तेव्हा अशी चार होती,’ ते म्हणाले, आणि खिशातलं यंत्र काढून कानात घालायला लागले.